समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या एटीव्हीला (जाड टायरांच्या, कच्च्या वाटेवरच्या छोट्या चारचाकीला) गंज लागू नये म्हणून काय करावं? आधी कोणत्या ॲक्सेसरीज घ्याव्यात?

उत्तर: ॲक्सेसरीजआधी धुण्याची सवय लावा. खाऱ्या वाळूतून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पण साध्या पाइपाने. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो आणि रेडिएटरच्या पत्र्या वाकवतो. धुतल्यावर सस्पेन्शनच्या ग्रीस निपलला (ग्रीस भरायच्या छोट्या तोंडाला) ग्रीसगन लावा आणि आतलं काळं, वाळूने कचकचणारं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबत राहा. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) भरा.

एअर फिल्टरकडे दुर्लक्ष नकोच. फिल्टरचा फोम कोरडा असेल तर बारीक वाळू आत जाऊन पिस्टन-सिलिंडर घासते आणि मग थेट इंजिनाचंच काम निघतं. फोम धुऊन पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळा, जास्तीचं दाबून काढा. पिळू नका, फाटतो.

खरेदीत पहिली स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाखालची संरक्षक प्लेट, ॲल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची. तिच्या आणि चासीच्या मधे ओली वाळू साचते आणि फ्रेम तिथूनच सडते, म्हणून ती अधूनमधून काढून धुवाच. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट जाम होतात, त्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) घेतलीत तर सिंथेटिक दोराची घ्या, स्टीलचा दोर किनाऱ्यावर लवकर गंजतो. टायरमधली हवा मोजायला लो-प्रेशर गेज लागतं. या टायरांत बहुधा ५ ते ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) इतकीच हवा असते, साध्या गेजवर ती नीट कळत नाही.

गाडी ताडपत्रीत गुंडाळू नका, आत दमट राहतं. हवा खेळेल असं कव्हर घ्या.