जुन्या पीसीत नवीन रॅम टाकली की डिस्प्लेच येत नाही, जुनी लावली की चालू होतं, तरी दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरं असेल का?

नाही. जुनी रॅम लावली की मशीन चालू होतंय असं तुम्हीच लिहिलंय ना, मग बोर्ड गेला कसा? दुकानदाराला हे कळत नाही अशातला भाग नाही, त्याला बोर्ड विकायचाय.

तुमचा बोर्ड एच६१ चा (हे बोर्डावरच्या मुख्य चिपचं, म्हणजे चिपसेटचं नाव), रॅमची २ जीबीची जुनी स्टिक म्हणजे पट्टी आणि आता ८ जीबीची नवीन घेतलीत. तुमच्या बोर्डाकडे येतो, पण आधी माझं ऐका, कारण हेच वाक्य मी ऐकलंय आणि ते बोलणारा माणूस घरचाच, आमचे दाजी.

माझं कराडला डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलं. मशीन २०१० चं, जी४१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर, रॅम २ जीबी. २०१७ च्या एप्रिलात ऐन लग्नसराईत कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडलं की माऊस अडकायला लागला, फोटोवाली पत्रिका सेव्ह करायला टाकून मी चहा पिऊन यायचो तरी ते फिरतच असायचं. म्हणून अठराशे देऊन ४ जीबीची नवी कोरी डीडीआर३ (माझ्या बोर्डाला लागते त्या पिढीची रॅम) आणली. लावली तर स्क्रीन काळी आणि आतून लांब लांब बीप. दुकानात परत नेली तर त्यानं त्याच्या मशीनला लावून दाखवली, चालली. म्हणाला रॅम ओके आहे, तुमचा बोर्ड गेलाय, आणि विकलेला माल परत घेत नाही.

नेमके तेव्हा दाजी आलेले पुण्याहून. आयटीत आहेत, म्हणजे टेस्टिंगला, पण आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की काँप्युटरचं सगळं त्यांना कळतं. त्यांनी खुर्चीत बसूनच निकाल दिला, बोर्ड गेलाय, हे डबडं भंगारात घाला, एकवीस हजारात नवीन सेट बसतो. मी म्हटलं दाजी, जुनी रॅम दोन्ही स्लॉटला चालतीय की. तर म्हणे डीडीआर३ म्हणजे डीडीआर३, ती चालत नाही म्हणजे बोर्डच. मग म्हणे प्रोसेसर बदलून बघू, त्यात माझे बाराशे गेले जुन्या क्वाड कोअरला, फरक शून्य. आता कळतं की पडणारच नव्हता, कारण माझा प्रोसेसर बसतो त्या ७७५ सॉकेटच्या जमान्यात रॅमशी बोलायचं काम चिपसेटकडे होतं, ते प्रोसेसरमध्ये गेलं कोअर आय सिरीज आल्यावर. आणि नवीन बोर्ड मला नकोच होता कारण माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ते चालायला मशीनला लावावी लागणारी चावी, जुन्या प्रिंटर पोर्टचं, नव्या बोर्डाला तो पोर्ट असेलच असं नाही. हे तीनदा सांगितलं. ऐकतंय कोण.

शेवटी कोल्हापुरात एका टीव्ही-काँप्युटर रिपेअरवाल्या म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी स्टिक हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे की रे, जी४१ ला ही चालत नाही, सोळा चिपांची आण." बास. मशीन बघितलं पण नाही.

भानगड अशी की ४ जीबीची स्टिक दोन तऱ्हेची येते. आधीच्या स्टिकवर २५६ एमबीच्या १६ चिपा, दोन्ही बाजूला आठ-आठ. पुढे चिपच ५१२ एमबीची झाली, मग आठातच काम भागतं आणि एक बाजू रिकामी राहते. जी४१ ला ही मोठी चिप वाचताच येत नाही, ना रॅम खराब ना बोर्ड खराब, दोघांचं जमत नाही एवढंच. स्टिकरवर २आरएक्स८ असेल तर सोळा, १आरएक्स८ असेल तर आठ. मी सोळावाल्या दोन सेकंडहँड घेतल्या, पहिल्या झटक्यात चालू. त्यात विंडोज निघालं ३२ बिट, ८ जीबी लावून दाखवतंय तीन पॉइंट काहीतरी, आणि दाजी फोनवर हसतायत की बघा, बोर्डच तो. एका रात्रीत ६४ बिट टाकलं, नशिबानं डोंगलचा ड्रायव्हर मिळाला, सकाळी आठच्या आठ जीबी. ती अठराशेची "चालत नसलेली" स्टिक आता कुठंय माहितीये? दाजींच्याच घरी, भाच्याच्या पीसीत. मस्त चालते. पण गणपतीत विषय निघाला की अजून म्हणतात, "बोर्ड वीकच होता तुझा."

हां, तुमचं. एच६१ ला हेच गणित एक पायरी वर आहे. त्याच्यावरचे सेकंड आणि थर्ड जनरेशनचे प्रोसेसर ५१२ एमबीच्या चिपेपर्यंतच जातात, म्हणजे ८ जीबीच्या स्टिकवर १६ चिपा पाहिजेत. आठच दिसल्या तर ती चालणार नाही, विषय संपला. दुसरं, फारच स्वस्तात मिळाली असेल तर "फक्त एएमडीसाठी" (एएमडी म्हणजे इंटेलसारखीच दुसरी प्रोसेसर कंपनी) वाली असू शकते, ती दिसायला सोळा चिपांची असली तरी इंटेलवर चालत नाही, स्टिकरवर आरएक्स४ की आरएक्स८ नीट वाचा, एक्स४ असेल तर परत करा. सर्व्हरमधून काढलेली ईसीसी रजिस्टर्ड रॅमपण अशीच स्वस्तात गळ्यात मारतात, ती पण नको.

आणि नवी स्टिक एकटी लावून बघा, दोन्ही स्लॉटला. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं पुसा, बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी घाला, अर्थात पॉवरची वायर आधी काढून. एका स्लॉटला कुठलीच रॅम चालत नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेटची पिन वाकलीय का बघा, तुमच्या बोर्डात रॅमचा कारभार प्रोसेसरकडे असल्यानं तिथली एक पिन वाकली तरी स्लॉट मरतो. पिना सरळ असून पण दोन्ही स्लॉटला नुसती नवीन नाही तर जुनीपण अधूनमधून नाटकं करत असेल, तर मग मात्र बोर्ड असू शकतो, तेवढं मान्य.

बोर्डाचे पैसे देण्याआधी स्टिकचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका इथं, स्टिकर वाचता येईल असा.