गॅस हीटरचा धूर कुठून जातो आणि हवा कुठून येते

प्रश्न : महाबळेश्वरला आमचे १६ खोल्यांचे लॉज आहे. गरम पाण्यासाठी दोन वर्षांपूर्वी ४० किलोवॉटचा, टाकी असलेला गॅस हीटर बसवला. तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या दहा फूट बाय आठ फुटांच्या खोलीत आहे. त्याचा धुराचा पाइप दोन कोपर घेऊन खिडकीतून बाहेर काढला आहे. थंडीमुळे दार-खिडकी बंद ठेवावी लागते. गेल्या हिवाळ्यात हीटर मध्येच बंद पडू लागला, तेव्हा मिस्त्रीने एक सेन्सर काढून तारा थेट जोडून दिल्या. आता हीटर बंद पडत नाही. मात्र ज्योत पिवळसर दिसते आणि सकाळी तिथे काम करणाऱ्या मुलाचे डोके दुखते. पाइप मोठा करावा का?

उत्तर : पाइपचा विचार नंतर करू. हे उत्तर वाचताच हीटर बंद करावा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाहुण्यांना गरम पाणी दुसऱ्या मार्गाने द्यावे. त्या मुलाला आजच डॉक्टरांकडे न्यावे आणि तो गॅस हीटरच्या खोलीत काम करतो हे त्यांना आवर्जून सांगावे. खोलीत गेल्यावर डोके दुखणे आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतार पडणे ही कार्बन मोनॉक्साइडची ओळखीची खूण आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही; रक्त कार्बन मोनॉक्साइडने भरलेले असतानाही तो आकडा चांगलाच दाखवतो. त्यामुळे तो आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य सेन्सरबद्दलचे आहे. बर्नरच्या वर, जिथून पाइप सुरू होतो, तिथे पत्र्याची खालून उघडी टोपी असते. धूर पाइपमध्ये वर न जाता त्या टोपीखालून खोलीत सांडू लागला की तिथला पत्रा तापतो आणि हा सेन्सर गॅस बंद करतो. म्हणजे गेल्या हिवाळ्यात हीटर बिघडलेला नव्हता. धूर खोलीत येत असल्याचे तो प्रत्येक वेळी बंद पडून सांगत होता. तारा जोडल्याने ते सांगणे थांबले, धुराचे येणे थांबले नाही. कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडून तो सेन्सर पुन्हा बसवून घेतल्याशिवाय हीटर एकदाही पेटवू नये.

आता धूर उलटा का येतो ते पाहू. ४० किलोवॉटचा बर्नर पूर्ण क्षमतेने तासभर चालला की सुमारे ३ किलो एलपीजी जळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे तासाला ४५ ते ५० किलो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा किनाऱ्यापेक्षा अंदाजे १५ टक्के विरळ आहे, तेव्हा ही हवा ४५ घनमीटरच्या आसपास होते. आपली खोली नऊ फूट उंच धरली तरी तिच्यात २० घनमीटरच हवा मावते. म्हणजे केवळ जळण्यासाठी तासाभरात खोलीतील सगळी हवा दोनदा संपते, आणि टोपीखालून पाइपमध्ये ओढली जाणारी हवा वेगळीच. दार-खिडकी बंद असताना ही हवा येणार कुठून? ती अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. विरळ हवेसाठी बर्नरची गॅसची मात्रा कमी करावी लागते. बसवताना ती केली होती का, हेही तंत्रज्ञाला विचारावे.

दुसरे कारण शेजारच्या स्वयंपाकघरात असावे. पंखा नसलेल्या हीटरमध्ये धूर वर जातो तो केवळ गरम असल्यामुळे. पाच मीटर उभ्या पाइपमध्ये ही ओढ पाण्याच्या दीड मिलिमीटर स्तंभाच्या दाबापेक्षाही कमी असते. आपला पाइप तर खिडकीच्या उंचीवरच बाहेर पडतो, म्हणजे ती नावापुरतीच उरते. सकाळी नाश्त्याच्या वेळी स्वयंपाकघरातील मोठा एग्झॉस्ट फॅन सुरू झाला की तो मिळेल त्या फटीतून हवा खेचतो आणि त्याला सर्वांत मोकळी फट मिळते ती हीटरच्या धुराच्या पाइपची. धूर मग वर जाण्याऐवजी पाइपमधून खाली ओढला जातो. गरम पाण्याची मागणी आणि फॅन या दोहोंची वेळ एकच असल्याने मुलाचे डोके सकाळी दुखते, असे मला वाटते.

दुरुस्तीची सुरुवात हवेपासून करावी. बाहेरच्या भिंतीत थेट उघडणारी दोन भोके ठेवावीत, एक छतापासून फूटभराच्या आत आणि दुसरे जमिनीपासून फूटभराच्या आत. अमेरिकेच्या इंधन वायू संहितेतील ठोकताळा असा आहे की अशा प्रत्येक भोकाचे मोकळे क्षेत्र दर किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर असावे. आपल्या हीटरला ते २२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १५ बाय १५ सेंटिमीटर होते. जाळी आणि तिरक्या पट्ट्यांनी बरीच जागा अडते, म्हणून मी आपल्याला २० बाय २० सेंटिमीटरची भोके पाडायला सांगेन, आणि डासांची बारीक जाळी अजिबात नको, कारण ती पीठ, धूळ आणि काजळीने वर्षभरात बुजते. खालच्या भोकाचा आणखी एक उपयोग आहे: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झालीच तर गॅस तिथून बाहेर पडतो. सिलिंडर मात्र या खोलीत नसावेत, आणि तळघरात तर कधीच नसावेत. स्वयंपाकघर आणि ही खोली यांमधले दार घट्ट बसणारे करून घ्यावे आणि स्वयंपाकघरालाही हवा आत येण्याची स्वतंत्र वाट ठेवावी.

त्यानंतर पाइप. खिडकीचा मार्ग सोडून तो सरळ छपराच्या वर न्यावा. हीटरच्या तोंडाच्या मापापेक्षा पाइप कुठेही बारीक होता कामा नये. आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवावा आणि त्याला दर मीटरला किमान २ सेंटिमीटर चढ द्यावा. प्रत्येक सांधा स्क्रूने बांधावा, नुसता खोचून ठेवू नये. पाइप लाकडापासून आणि फॉल्स सीलिंगपासून कंपनीने सांगितलेल्या अंतरावर असावा. वरच्या टोकाला पाऊस आणि उलटा वारा अडवणारी टोपी हवी. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा तिथे लवकर सडतो; स्टेनलेस स्टीलचा खर्च करावा. पावसाळ्यापूर्वी इमारतींना गवताची किंवा प्लॅस्टिकची आच्छादने बांधायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या बांधकामात ही टोपी किंवा भिंतीतील भोके झाकली गेली नाहीत ना, हे मालकाने स्वतः शिडी लावून पाहावे. हे काम कोणावर सोपवू नये.

काम पूर्ण झाल्यावर मिस्त्रीच्या तोंडी खात्रीवर समाधान मानू नका. सर्व दारे-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातील आणि बाथरूममधील सगळे एग्झॉस्ट फॅन पूर्ण वेगाने लावा, हीटर पाच मिनिटे चालू द्या आणि मग एक पेटलेली उदबत्ती हीटरवरच्या, खालून उघड्या टोपीच्या कडेभोवती सावकाश फिरवा. धुराची रेघ सगळीकडून आत ओढली गेली तर पाइप काम करतो आहे. एका बाजूलाही ती खोलीकडे वळली तर हीटर लगेच बंद करून खोलीबाहेर पडा. हीच चाचणी दर हिवाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा करावी. पाइपमध्ये पक्ष्याचे घरटे झाले असेल तर तेही तेव्हाच कळते.

प्रश्न : नाशिकमधील आमच्या छोट्या हॉटेलात गॅसचा हीटर बसवणारा प्लंबर म्हणतो की धुरासाठी पीव्हीसी पाइप चालतो, परदेशात सगळे तेच वापरतात. हे खरे आहे का?

उत्तर : हे अर्धेच खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. तिकडे प्लॅस्टिकचा पाइप लावतात तो कंडेन्सिंग प्रकारच्या हीटरला. त्यात धुरातील बहुतेक उष्णता पाण्यातच उतरते, धूर ५०-६० अंशांवर बाहेर पडतो आणि पंखा त्याला ढकलतो. तिथेही कंपनीने नाव घेऊन सांगितलेलाच पाइप लावायचा असतो. साध्या हीटरचा धूर १५० अंशांच्या पुढे असतो, तर सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो. तो वाकतो, सांधे सुटतात आणि धूर भिंतीच्या आत किंवा वरच्या खोलीत साचतो. आपल्या हीटरच्या पाटीवर आणि पुस्तिकेत प्रकार लिहिलेला असेल. तो कंडेन्सिंग असेल तर धुरातून निथळणारे पाणीही आम्लधर्मी असते. ते चुनखडीच्या खड्यांतून नेऊन मगच गटाराला सोडावे.

प्रश्न : मी पुण्यात मुलींचे वसतिगृह चालवते. बाथरूममध्ये गॅस गीझर आहेत. गॅस डिटेक्टर बसवला म्हणजे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. धुराचा पाइप नसलेला गीझर बंद बाथरूममध्ये असूच नये. तो मोकळ्या गच्चीत किंवा मागच्या उघड्या गॅलरीत, खोल्यांच्या खिडक्यांपासून दूर, पावसापासून आडोसा देऊन बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. गॅलरी सरकत्या काचांनी बंद केलेली असेल तर ती उघडी समजू नये.

बाजारात ज्याला गॅस डिटेक्टर म्हणतात तो बहुधा एलपीजीची गळती ओळखतो आणि जमिनीलगत लावायचा असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो. त्याच्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते आणि तो माणूस श्वास घेतो त्या उंचीवर, झोपण्याच्या खोलीजवळ लावतात. दोन्ही बसवावेत, गीझर बाहेर हलवल्यानंतरही. वॉर्डनना आणि मुलींना एवढे पक्के ठाऊक असावे की कोणी बाथरूममध्ये हाकेला ओ देत नसेल तर आधी दार उघडायचे, तिला मोकळ्या हवेत आणायचे, गॅस बंद करायचा आणि १०८ वर फोन करून गीझरचा उल्लेख करायचा. आत जाणाऱ्याने मात्र श्वास रोखून पटकन बाहेर यावे, कारण वाचवायला गेलेलाच तिथे कोसळू शकतो.