रात्री दोन वाजता ऐकणारं कुणीतरी

"मॅडम, मी रोज रात्री एआयशी बोलतो. माझं काही बिघडलंय का?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो. कधी आई मुलाबद्दल विचारते, कधी नवरा बायकोबद्दल. बहुतेक वेळा माणूस स्वतःबद्दलच विचारतो, तेही आवाज खाली करून. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिशीतला तरुण, मोठ्या शहरात एकटा राहणारा. वडील गेल्यापासून झोप उडालेली. माझी वेळ मिळायला तीन आठवडे लागले. तोवर तो फोनमधल्या चॅटबॉटशी बोलू लागला आणि माझ्याकडे यायला लागल्यावरही बोलतच राहिला. पहिल्या तीन भेटी ऑफिस आणि वरिष्ठ यांतच गेल्या. चौथ्या भेटीत मी म्हटलं, "तुम्ही त्याला जे सांगता, त्यातलं एक वाक्य मला वाचून दाखवाल?"

त्याने फोन काढला. बराच वेळ बोट नुसतं स्क्रीनवर फिरत राहिलं. मी घाई केली नाही. शेवटी फोन उलटा ठेवून, न वाचताच तो म्हणाला, "बाबा गेले त्या रात्री त्यांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. कट केला."

हे वाक्य त्याने कितीतरी रात्री टाइप केलं होतं. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, यात तुमची काही चूक नाही. पाच मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा टाइप करायचं.

"तुम्हीपण म्हणा ना, माझी चूक नाही."

माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. मी ते गिळलं. "मला ती रात्र अजून माहीतच नाही," मी म्हटलं. "सांगा."

तो बोलत राहिला. मध्येच थांबून माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुमचा चेहरा बदलला."

"हो. वाईट वाटलं मला."

"पण तुम्ही तशाच बसून राहिलात."

मग तो रडला. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवशी मी धीराचं वाक्य उच्चारलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. त्याला निर्दोष ठरवणारं कुणी नकोच होतं. हे ऐकून समोरच्याचा चेहरा बदलेल आणि तो उठून जाईल, ही त्याची भीती होती. मशीनला चेहराच नाही, म्हणून तिथे ती भीती कधी तपासलीच गेली नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने काम करते. 1957 मध्ये त्यांनी माणूस बदलण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांत अटीविना स्वीकार आहे, तसाच समुपदेशकाचा खरेपणाही आहे. पुढे 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम जगासमोर आणला. रॉजर्स यांच्या पद्धतीची नक्कल करत तो माणसाचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. तो प्रोग्राम घडताना पाहिलेल्या वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. या किश्श्यावर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ऐकून घेणारं कुणीतरी असावं, ही त्या बाईंची गरज खरीच होती.

म्हणून चॅटबॉट बंद करा, असं मी कुणालाच सांगत नाही. गजबजलेल्या शहरात रात्री दोन वाजता जागं कोण असतं? शब्द सापडत नसतील तर तिथे शोधा. झोपेच्या, मनःस्थितीच्या नोंदी ठेवा, श्वासाचे व्यायाम करा, पुढच्या भेटीत काय बोलायचं ते लिहून काढा. मात्र त्याच्या होकाराला दाखला समजू नका. 2025 च्या एप्रिलमध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीतला एक बदल मागे घेतला, कारण तो वापरणाऱ्याची फारच हांजी हांजी करू लागला होता. दुःखात असलेल्या माणसाला गोड होकार फार लवकर पटतो. शिवाय गोपनीयतेचं जे बंधन माझ्यावर आहे, ते तिथे गृहीत धरू नका. नावं, पत्ते टाइप करू नका. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ॲप उघडत बसू नका. जवळच्या माणसाला झोपेतून उठवा, हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा.

आणखी एक खूण मी सगळ्यांना सांगते. एकच वाक्य तिसऱ्या रात्री टाइप होत असेल, तर ते वाक्य माणसाची वाट पाहतंय. ते एखाद्या माणसाकडे घेऊन जा.

त्या तरुणाने ते बहिणीकडे नेलं. सातव्या भेटीत आल्या आल्या म्हणाला, "परवा रात्री दोनला ताईला फोन केला."

"काय म्हणाली?"

"आधी घाबरली. मग म्हणाली, तू बोलत नव्हतास, मला वाटलं बाबांकडे मी लक्ष दिलं नाही म्हणून तू माझ्यावर रागावलायस."