नदी सरकते, मग बंदर एका जागी कसे?

प्रश्न : बांगलादेशात पावसाळ्यात नदी काठ सोडून शेतांत शिरते आणि हिवाळ्यात वाळूच्या पट्ट्यांमधून वाट काढते, असे वाचले. मग ढाका, चांदपूर, बरिशाल येथील नदीबंदरे वर्षभर कशी चालतात?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या डोळ्यांसमोर बंदर म्हणून पक्का धक्का असतो. ढाक्याच्या सदरघाटावर मात्र लाँच लागतात त्या बुरिगंगा नदीवर तरंगणाऱ्या लोखंडी पाँटूनला, म्हणजे तराफ्यासारख्या तरत्या धक्क्याला. काठापासून पाँटूनपर्यंत टाकलेल्या पुलाचे एक टोक काठाला जोडलेले असते, तर दुसरे पाण्याबरोबर वरखाली होते. म्हणून श्रावणात जो पूल जवळजवळ सपाट असतो, तोच माघात घसरणीसारखा उतरतो आणि डोक्यावर पोते घेतलेल्या हमालाला काठाकडे येताना खराखुरा चढ चढावा लागतो. पद्मेवरील (गंगेला तेथे पद्मा म्हणतात) दौलतदिया येथे काठच खचतो, तेव्हा घाट बंद करून पाँटून ओढत दुसरीकडे नेऊन बांधावे लागते.

खरी अडचण घाटापेक्षा वाटेत अधिक आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे एक अब्ज टन गाळ आणतात आणि प्रवाह मंदावला की तो पात्रातच बसतो. त्यामुळे पावसाळ्यात सुमारे ६,००० किलोमीटर असणारा जलमार्ग हिवाळ्यात ३,८०० किलोमीटरच्या आसपास येतो. १९५८ साली स्थापन झालेले तेथील अंतर्देशीय जलवाहतूक प्राधिकरण खोली मोजते, खुणा लावते आणि ड्रेजरने गाळ काढते. परंतु काढलेली जागा पुढच्या पुरात पुन्हा भरू शकते.

म्हणूनच मला ‘बांदाल’ ही तेथील जुनी रीत फार मोलाची वाटते. ओळीने रोवलेल्या बांबूंना केवळ वरच्या भागात चटया बांधून तो पडदा प्रवाहाला तिरका उभा करतात. वरचे वेगवान पाणी चटईला अडून मुख्य वाटेकडे वळते आणि तळ खरवडते, तर तळालगतचे वाळूमिश्रित पाणी चटईखालून निसटून पडद्यामागे वाळू टाकते. अशा रीतीने नदीच्याच जोरावर वाट खोल होते. ड्रेजर आवश्यक आहेतच, पण त्यांच्या खर्चापुढे या बांबूकामाकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जून २०२२ मध्ये पद्मा पूल खुला झाल्यावर बरिशालकडे जाणारे बरेच प्रवासी बसकडे वळले. सिमेंटचा कच्चा माल, वाळू, इंधन असा अवजड माल मात्र आजही मोठ्या प्रमाणावर पाण्यानेच जातो. ती जहाजे चालवणाऱ्यांना तेथे ‘सारेंग’, ‘सुकानी’ आणि ‘खलाशी’ म्हणतात; दापोलीकरांना हे शब्द परके वाटणार नाहीत.