‘मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही, पण…’

प्रश्न असा आला आहे : कथा १९८० च्या सुमारास घडते, तिच्यातली पन्नाशीची गृहिणी सुनेला म्हणते, ‘मी स्त्रीवादी नाही.’ हे वाक्य त्या काळाला शोभतं का?

मला खटकतं. ‘स्त्रीवाद’ हा लेखांतला आणि परिसंवादांतला शब्द. घरात कानावर पडायचा तो ‘स्त्रीमुक्ती’. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्याच वर्षी मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना निघाली, आणि हा शब्द वर्तमानपत्रांतून माजघरापर्यंत गेला. तिथे मात्र त्याची पंचाईत झाली. ‘मुक्ती’ म्हटलं की आपल्याला आधी आठवतात कीर्तनं आणि जन्ममरणाचा फेरा. त्यामुळे ‘मुक्ती कशापासून? संसारापासून?’ ही शंका त्या बायकांना खरोखरच यायची. ज्या घरावर सगळं आयुष्य घातलं त्यालाच कुणी बेडी म्हणतंय, असं वाटून त्या दुखावायच्या. (‘वाद’चंही तेच. ‘वाद घालू नकोस’ ऐकत वाढलेल्या मुलीला ‘स्त्रीवाद’ म्हणजे भांडणच वाटणार.)

म्हणून तुमची बाई म्हणेल, ‘मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही, पण…’

यातलं ‘-वाली’ महत्त्वाचं. भाजीवाली, दूधवाली यांत तो साधा धंदादर्शक प्रत्यय आहे, पण विचाराला जोडला की हेटाळणी येते. नेहमीच येते असं मात्र नाही. पाण्यासाठी लढणाऱ्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या त्या कौतुकानेच. त्यांच्या आणि कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांच्या पुढाकाराने १९७२ नंतर महागाईविरोधात लाटणं मोर्चे निघाले. लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या त्या गृहिणींतल्या कितीतरी जणींनी स्त्रीमुक्तीचं लेबल झटकून टाकलं असतं. घराबाहेर पडायला त्यांना ‘घर चालवायचंय’ हे कारण पुरेसं होतं.

खरी गंमत त्या ‘पण’नंतर आहे. ‘पण मुलीने आपल्या पायावर उभं राहायला हवं.’ ‘पण चार पैसे बाईच्या हातात असावेत.’ या पिढीचा स्त्रीवाद शोधायचा तर असल्या वाक्यांत सापडतो. त्यांना परंपरा मोडायची नव्हती, लेकीला मात्र तिच्यात अडकू द्यायचं नव्हतं. सुनेच्या बाबतीत हाच ‘पण’ पुष्कळदा गळून पडायचा, हेही खरं. तुमच्या कथेत समोर सूनच आहे, तेव्हा तो गाळायचा की ठेवायचा यावर त्या सासूचा स्वभाव ठरेल.

आणखी एक. ती स्वतःला ‘गृहिणी’ म्हणणार नाही. तो शब्द मासिकांचा आणि अर्जातल्या रकान्याचा. कुणी ‘काय करता?’ विचारलं तर उत्तर यायचं, ‘काही नाही, घरीच असते.’ जनगणनेतही नुसतं घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ म्हणूनच मोजली जाते. शेतमजूर बाईच्या तोंडी मात्र यातलं काहीच घालू नका. तिला ‘घरीच असते’ म्हणायची सोय कधी नव्हतीच.