आदिवासी पालकांना शाळेशी जोडायला सरकार पैसे देतं का?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियात मूलनिवासी मुलांच्या पालकांनी शाळेत लक्ष घालावं म्हणून सरकार वेगळा निधी देतं, तसं महाराष्ट्रातल्या आदिवासी पालकांसाठी काही आहे का.

त्या नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातलं खर्चाचं वेगळं खातं, माझ्या तरी पाहण्यात नाही. तुकडे आहेत, ते गोळा करावे लागतात. मी अठरा वर्षं पालघर जिल्ह्यातल्या डोंगरी पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतोय. मुख्याध्यापकाचा चार्ज आला तेव्हापासून शाळा व्यवस्थापन समितीचा सचिवही मीच. त्यामुळे यातल्या काही पैशांचा हिशोब माझ्याच अक्षरात आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत 75 टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. या सदस्यांच्या प्रशिक्षणाला समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून पैसे येतात, पण शाळेमागे ते काही हजारांच्या पुढे जात नाहीत. व्हायचं असं की केंद्रशाळेत सकाळी अकराला प्रशिक्षण, चहा-बिस्किटं, एक पुस्तिका, फोटो. ज्या बाईने त्या दिवशीची मजुरी बुडवली तिला पुस्तिका वाचता येत नाही, आणि बोलणारा साहेब पुण्याच्या मराठीत बोलतो. घरात वारली बोलणाऱ्या माणसाला तीही परकीच. पुढच्या वर्षी ती आली नाही. मग मी काय केलं? रजिस्टर घेऊन घरोघर फिरलो आणि सह्या-अंगठे घेतले. इतिवृत्तात 'सभा खेळीमेळीत पार पडली'.

शाळेच्या संयुक्त अनुदानाचंही, म्हणजे किरकोळ खर्चासाठी शाळेला दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचंही, तसंच. ते खर्चायचा अधिकार समितीचा. पूर्वी अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडीच्या सहीने चेक निघायचा. आमच्या अध्यक्ष काकू पासबुक पिशवीत घालून शाळेत यायच्या, शिल्लक किती ते मला मोठ्याने वाचायला लावायच्या. आता खातं शून्य शिल्लकेचं, सगळं पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर. खर्चाची मर्यादा येते आणि मार्चअखेर वापरली नाही तर जाते. पारदर्शक असेल, माझी तक्रार नाही. पण काकूंनी मला विचारलं होतं, "गुरुजी, पैसे दिसत नाहीत तर मी सही कशावर करू?"

पालकाच्या थेट हातात पडणारा पैसा म्हणाल तर 1992 पासूनचा मुलींचा उपस्थिती भत्ता. पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त मुलींसाठी. दर ठरला दिवसाला एक रुपया. दर किती वर्षं तोच राहिला हे शोधून बघा, मी लिहीत नाही.

आदिवासी विकास विभागाचा मोठा पैसा आश्रमशाळांत जातो. शासकीय आणि अनुदानित मिळून हजारावर शाळा आहेत. पण तिथे मूल वसतिगृहात आणि आईबाप दूर पाड्यावर, सुट्टी लागली की न्यायला येणार. हंगामी वसतिगृहांचंही तेच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मूल मागे राहून शिकावं हा हेतू चांगलाच आहे. फक्त त्यात पालक वजा असतो.

आता ज्या तुकड्याबद्दल मला खरं सांगायचंय तो शिक्षण खात्याचा नाहीच. तो आहे पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, अबंध निधी; कशावर खर्चायचा ते वरून ठरवून न दिलेला. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे राज्याच्या अंदाजपत्रकात आदिवासींसाठी राखलेल्या रकमेचा, पाच टक्के पैसा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर घालायचा ते ग्रामसभा ठरवते. त्याचे चार भाग आहेत, त्यातला एक आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षणाचा. बहुतेक गुरुजी या ग्रामसभेला जातच नाहीत. मीही पहिली काही वर्षं झेंडावंदन आटोपून घरी जायचो.

एका वर्षी गेलो, तेही स्मार्ट टीव्ही मागायला. बायकांनी ऐकून घेतलं, मग एक आजी म्हणाली, टीव्ही राहू दे, आधी टाकी बसव. शाळेत प्यायला पाणी नव्हतं, पोरं जेवणाच्या सुट्टीत घरी पाणी प्यायला जायची आणि परत यायची नाहीत. मी दुपारची गळती 'पालकांची उदासीनता' म्हणून अहवालात लिहीत होतो! टाकी मंजूर झाली, नळ बसले. बसवणाऱ्याने नळ फार उंच लावले तेव्हा त्याच बायकांनी ते खाली घ्यायला लावले. त्यानंतरच्या समितीच्या सभेला मला रजिस्टर घेऊन फिरावं लागलं नाही.

तुमच्या ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे जुळतं. तिथे 1990 पासून 2004 पर्यंत शाळाशाळांतल्या पालक समित्यांना मूलनिवासी मुलांच्या संख्येप्रमाणे पैसे मिळत. मग ती योजना बंद करून अर्ज लिहा, आराखडा द्या, मंजुरी घ्या अशी पद्धत आली आणि अनेक समित्या गळाल्या. रकमेपेक्षा ती कोण मागतं आणि कशा भाषेत मागावी लागते यावर बरंच अवलंबून असतं, एवढं मला त्यातून कळलं.

तुम्ही संस्थेतर्फे काम करणार असाल तर निधीचा प्रस्ताव लिहिण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) पाड्याच्या पेसा निधीची यंदाची रक्कम आणि तो पैसा सांभाळणाऱ्या ग्रामसभा कोष समितीतली नावं घ्या. त्या निधीच्या खर्चाचा आराखडा ठरायच्या आधीच पाड्यावर बैठक लावा, रात्री जेवणं झाल्यावर. भातलावणीच्या दिवसांत लावू नका, कुणी येणार नाही. आणि काय हवं याची स्वतःची यादी खिशातच ठेवा.