वाचक विचारतात : पाच-पाच गोल, मग एकच संघ पुढे कसा?

प्रश्न : अरब क्लब फुटबॉल स्पर्धेच्या 2019-20 च्या हंगामात रजा आणि विदाद या मोरोक्कोतल्या कासाब्लांकाच्या दोन क्लबांची लढत 1-1 आणि 4-4 अशी झाली. दोन्ही सामने बरोबरीत, मैदानही एकच. तरी रजा पुढे गेला. कसा?

उत्तर : आधी नावाचं पाहू. हा 'रजा' म्हणजे आपला राजा नव्हे, आणि सुटीही नव्हे. अरबीत रजा म्हणजे आशा.

त्या हंगामात बाद फेऱ्यांत अंतिम सामना सोडून बाकी लढती दोन-दोन सामन्यांच्या होत्या. दोन्ही सामन्यांचे गोल मिळवायचे आणि बेरीज सारखी निघाली, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत 2 नोव्हेंबर 2019 ला पहिला सामना झाला, यजमान रजा, 1-1. परतीचा सामना 23 नोव्हेंबरला, यजमान विदाद, 4-4. बेरीज 5-5. पाहुणा म्हणून रजाचे चार गोल, विदादचा एक. हिशेब संपला.

मैदानाचं म्हणाल, तर मोहम्मद पाचवे स्टेडियम दोन्ही क्लबांचं घर. रजाचे हिरवे समर्थक दक्षिणेच्या 'मगाना' स्टँडमध्ये, विदादचे लाल उत्तरेला. दोन्ही सामन्यांना तीच हिरवळ, तेच गोलपोस्ट. पण यजमान कोण, हे मैदान ठरवत नाही, कार्यक्रमपत्रिका ठरवते. ज्याचं नाव आधी तो यजमान. शहर बदलत नसताना 'परका गोल' मोजणं जरा विनोदीच, कारण प्रवासाचा शीण आणि अनोळखी मैदान यांची भरपाई म्हणून हा नियम आला होता. इथे दोन्ही नव्हतं. तरी नियम तो नियम.

प्रश्न : त्या सामन्यात विदाद 4-1 ने पुढे होता. तेव्हा रजाला नेमके किती गोल हवे होते?

उत्तर : तीन. दोन करून भागलं नसतं. 4-1 ला बेरीज विदाद 5, रजा 2. आणखी दोन गोल म्हणजे 5-4, आणि रजा स्पर्धेबाहेर. तिसरा झाला की 5-5, आणि परक्या गोलांत 4 विरुद्ध 1. म्हणजे रजाला सामना जिंकायची गरजच नव्हती, बरोबरी पुरेशी होती. आणि तेच झालं. उत्तरार्धात एकामागून एक तीन गोल परत आले, आणि शेवटचा बेन मलांगोने भरपाई वेळेत मारला.

पहिला सामना 1-1 सुटल्यावर परतीच्या सामन्याचं कोष्टक असं : 0-0 सुटला तर विदाद पुढे, कारण रजाच्या घरी त्याने एक गोल केलेला. 1-1 सुटला तर सगळंच सारखं, तिथे हा नियमही हात वर करतो. 2-2 किंवा त्याहून मोठी कुठलीही बरोबरी रजाची. विदादने पाचवा गोल मारला असता, तर रजाला तीनऐवजी चार लागले असते, बाकी गणित तेच.

प्रश्न : परक्या मैदानावरचा गोल दुप्पट धरतात असं ऐकलं आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि घोळ इथेच होतो. समजा एका संघाने घरी 3-1 असा सामना जिंकला आणि बाहेर 0-1 असा गमावला. बेरीज 3-2, तो पुढे. दुप्पट धरलंत तर समोरच्याच्या एका परक्या गोलाचे दोन होतात, घरचा एक मिळून तीन, आणि उगाचच 3-3 दिसतं. आधी साधी बेरीज करा. ती सारखी आली, तरच परके गोल बघा.

त्याच हंगामात रजाला हा नियम पुन्हा फळला. उपांत्यपूर्व फेरीत अल्जीरियाच्या एमसी अल्जेवर त्यांनी बाहेर 2-1 असा विजय मिळवला, घरी 0-1 हार पत्करली. बेरीज 2-2, परके गोल 2 विरुद्ध 1.

प्रश्न : हा एक हंगाम दोन वर्षं का चालला?

उत्तर : कोरोना. रजा आणि इजिप्तचा इस्माइली यांच्या उपांत्य लढतीचा पहिला सामना फेब्रुवारी 2020 मध्ये झाला, इस्माइली 1-0. परतीचा जानेवारी 2021 मध्ये, रजा 3-0. मध्ये अकरा महिने. एका गोलाची पिछाडी इतके दिवस उरावर घेऊन बसलेला संघ विरळाच.

अंतिम सामना 21 ऑगस्ट 2021 ला रबातमध्ये, सौदीच्या अल इत्तिहादशी. हा एकच सामना, म्हणून परक्या गोलाचा प्रश्नच नाही. पुन्हा 4-4! पेनल्टीवर रजा 4-3.

प्रश्न : विजेत्याला पुढच्या कुठल्या स्पर्धेत प्रवेश मिळतो?

उत्तर : कुठल्याच नाही. अरब फुटबॉल संघटनांच्या महासंघाचे 22 सदस्य. त्यांपैकी 12 आशियाई महासंघात, 10 आफ्रिकी. या चषकावरून त्यांच्या चॅम्पियन्स लीगची दारं उघडत नाहीत. मिळतो तो मान आणि पैसा : त्या हंगामात विजेत्याला 60 लाख डॉलर होते.

प्रश्न : परक्या गोलाचा नियम अजून आहे का?

उत्तर : युरोपीय महासंघाने जून 2021 मध्ये तो काढला. अरब स्पर्धेच्या पुढच्या खेपेचा मुख्य टप्पा 2023 मध्ये सौदीत झाला, तोही आधी गट आणि मग एकेका सामन्याची बाद फेरी असा. त्यात परतीचा सामनाच नाही, तर परका गोल कुठून मोजणार?